माझ्या वॉकरला लोकरीचे गोंडे

शांता, आधी माफी मागते. माझं अक्षर तू बघितलेलं आहेस. शेळीच्या लेंड्या सांडाव्यात तसं ते कागदभर पसरतं. चौथीनंतर मी पेन धरला तो राशनच्या दुकानात सही करण्यापुरताच. वेलांटी पहिली की दुसरी, हे मला शाळेतही कळलं नाही. जिथं चुकलं असेल तिथं तू तुझ्या मनानं नीट करून वाच.

फोनवर हे सांगता येत नाही. फोन लावला की घरातलं कुणी ना कुणी जवळ असतं, आणि मला चारचौघांत बोलायची सवय नाही. आमची सून मीरा परवा चुडाव्याला तुला भेटून आली. ती सांगत होती, "आत्या, मावशीला दवाखान्यातून वॉकर दिलाय, पण त्यांनी त्यो बाजेखाली ढकलून ठेवलाय. भिंतीला धरून चालायल्यात." ते ऐकलं आणि मला माझे दिवस आठवले. माझा वॉकर पण बाजेखालीच होता. म्हणून लिहायला बसले. वाचून झालं की तुझ्याजवळ ठेव. आपल्यासारखी कुणी बाई भेटली तर तिला वाचून दाखव, पण नाव सांगू नको.

०

मी पडले त्याला मोठं काही कारण नव्हतं. थंडीचे दिवस होते. एक कोकरू कळपाभोवतीच्या जाळीत अडकलं होतं, त्याला सोडवायला वाकले. तेवढ्यात त्याची आई मागून आली आणि तिनं मला ढुसणी दिली. तिला वाटलं असेल, मी तिच्या लेकराला काही करायले. खाली ओलं होतं, मी बसल्यासारखी पडले. ओरडले पण नाही. आमचे मालक पलीकडं शेळ्यांना पाला टाकत होते. ते म्हणाले, "आता बसूनच ऱ्हाणार का उठणार हायस?"

"उठते की," मी म्हणाले, आणि उठता आलं नाही.

घरात आणून हळद-चुना गरम करून लावला. लचक असेल असंच सगळे म्हणत होते, मी पण तेच म्हणत होते. माझं ऐकलं नाही ते मीरानं. तिनं पाय बघितला, तो एका बाजूला वळून पडला होता. तिनं कुणाला न विचारता गाडी बोलावली आणि आम्ही परभणीला गेलो.

पायाचा फोटो काढला. डॉक्टर पोरगेलासा होता, बाहेरगावी कामाला असलेल्या माझ्या लेकाच्या वयाचा. तो म्हणाला, "आजी, खुब्याचं हाड मोडलंय. ऑपरेशन करून आत गोळा बसवावा लागेल. नाहीतर परत चालता येणार नाही."

मला आधी 'आजी' लागलं, हाड मागून लागलं. घरात अजून नातवंड नाही, तोवर मला कुणी आजी म्हटलं नव्हतं. मग हाडाचं ध्यानात आलं. माझ्या सासूबाई अशाच पडल्या होत्या. त्यांची बाज वसरीच्या कोपऱ्यात टाकली ती तिथंच राहिली. त्यांचं खाणं, न्हाणं, सगळं मी त्या कोपऱ्यात केलं होतं. मला तो कोपरा दिसायला लागला.

०

ऑपरेशनचे पैसे आबांनी दिले. आबा म्हणजे माझे थोरले दीर, भासरे, तू लग्नात बघितलेस. दोघा भावांची घरं एकाच अंगणात समोरासमोर आहेत. जाऊबाई गेल्यापासून आबा दिवसभर अंगणातल्या लिंबाखाली बाज टाकून बसतात. त्यांनी कळपातले आपले चांगले एडके विकले आणि पैसे मालकांच्या हातात ठेवले.

आबांचं आणि माझं कसं आहे, ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. मी या घरात आल्यापासून त्यांच्यासमोर डोक्यावरचा पदर पुढं ओढूनच उभी राहिले. त्यांच्याशी कधी एक शब्द समोरासमोर बोलले नाही. ते पण मला कधी थेट बोलले नाहीत. मी हाताच्या अंतरावर असले तरी मालकांना सांगणार, "तिला म्हणावं, भाकर दे." मालक घरी नसले तर मीराला सांगणार. आमच्या घराकडं यायचं तर आधी लांबूनच खाकरणार, म्हणजे मला पदर घ्यायला सवड मिळावी. धाक नव्हता गं तो, मान होता. त्यांनी खाकरायचं आणि मी पदर ओढायचा, एवढंच आमचं बोलणं.

दवाखान्यात ते मला बघायला आले. माझा पाय वजन लावून बांधलेला, एका हातात सलाईन. पदर कुठं गेला होता देव जाणे. आबांनी दारातूनच तोंड फिरवलं आणि भिंतीकडं बघत उभे राहिले. भिंतीवर लेकरांच्या डोसचा तक्ता होता. तो वाचत वाचत मीराला म्हणाले, "तिला म्हणावं, भिऊ नको. मेंढरं नीट हायेत. त्या ढुसणी मारणारीला म्या दोन दिस येगळं बांधलं व्हतं."

शेजारच्या खाटेवरची बाई मला हळूच म्हणाली, "तुमचे भासरे लय शिकलेले दिसायलेत, तक्ता सोडीनात."

०

दवाखान्यात सकाळ फिनेलच्या वासानं व्हायची. मग चहा, मग डॉक्टरांची फेरी, मग इंजेक्शन. सगळ्यांत अवघड ते भांडं. सुनेनं सासूला भांडं लावायचं, ही गोष्ट मला मरणाची वाटायची. मी डोळे घट्ट मिटून घ्यायचे. एकदा मीरा म्हणाली, "आत्या, तुमी डोळे मिटले म्हणून मला दिसायचं बंद व्हत न्हाई." मला हसू आलं आणि टाके दुखले. त्यानंतर मी डोळे मिटले नाहीत.

तिच्यावर पण ताण होताच. एकदा ती खिडकीपाशी उभी राहून तिच्या आईला फोनवर सांगत होती, "माझी पाठ गेली माय. इथं आंग टाकायला जागा न्हाई, घरी मामांच्या भाकरीचं कुणी बघीना." हळू बोलत होती. पण मी जन्माची हळू बोलणारी, मला हळूच बोललेलं आधी ऐकू येतं. मला तिचा राग आला नाही. संध्याकाळी तिला म्हणाले, "माझ्या पायाकडं जागा हाय, आडवी हो." ती खरंच पायाशी मुटकुळं करून झोपली. नर्सनं बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं. देव अशाच माणसांत असतो बघ.

मग व्यायामाच्या मॅडमनी वॉकर आणला. सलाईनचा खांब, भांडं, सुयांचा ट्रे, सगळ्यांचा रंग एक होता. वॉकर त्यांचाच भाऊ. गार आणि पांढरट चकचकीत. मॅडम चांगल्या होत्या. म्हणाल्या, "हा घरी घेऊन जा. रोज चाललात तर पाय येईल. बाजेवर पडून राहिलात तर पाय आखडून जाईल, मग मी पण काही करू शकणार नाही."

०

घरी आल्यावर पहिल्याच दिवशी घोळ झाला. आमचा संडास अंगणाच्या त्या टोकाला. मधे लिंब, लिंबाखाली आबा. वॉकर धरून चालायचं तर दोन्ही हात त्यावर लागतात आणि अंग पुढं झुकतं. दाराबाहेर आले आणि डोक्यावरचा पदर सरकून खांद्यावर आला. आबा समोर. मी एक हात सोडून पदर धरायला गेले आणि वॉकर कलला. मीरा मागं होती म्हणून वाचले. आबा उठून घरात गेले.

त्या दिवसापासून वॉकर बाजेखाली. मी खोलीतल्या खोलीत भिंत धरून दोन पावलं टाकायचे. संडासला आबा झोपल्यावर जायचं, म्हणून दिवसा पाणी पिणं सोडलं. हे मी कुणाला सांगितलं नाही. ताप आला, लघवीला आग व्हायला लागली. मीरानं उशाचा तांब्या उचलून बघितला, तो भरलेलाच.

"आत्या, पाणी कामून पीत न्हाईत तुमी?"

तिनं विचारून विचारून काढून घेतलं. मग म्हणाली, "एवढंच व्हय? पदराला पिना लावू की."

तिला कसं सांगू? पदर डोक्यावर असणं निराळं आणि मोठं माणूस समोर आलं की तो पुढं ओढणं निराळं. पिन लावून बसवलेला पदर म्हणजे बाजेवर पडल्या पडल्या रामराम करण्यासारखं. मीरा माझ्याकडं बघत राहिली. तिनं मला वेड्यात काढलं नाही, पण मालकांना सांगितलं, आणि मालकांनी आबांना.

दुसऱ्या दिवशी खिडकीतून बघते तर लिंबाखाली बाज नाही. आबांनी ती गोठ्यामागं नेली होती. तिकडं उकिरडा आहे, सावली नाही. मालकांनी विचारलं तर म्हणाले, "हिकडं वारं लय चांगलं हाय." उन्हं तापायला लागली होती. म्हातारं माणूस टोपीवर टॉवेल टाकून उकिरड्याशेजारी बसलेलं, आणि ते माझ्यामुळं. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

०

पुढं जे झालं ते शेजारच्या गोदाकाकूंमुळं. त्या मला बघायला आल्या, वाकून बाजेखालचा वॉकर बघितला आणि म्हणाल्या, "अगं माय, ह्या वयात पांगुळगाडा का?" सगळ्या बाया हसल्या. मला भुईत जावंसं वाटलं. मालक दारात दोरी वळत होते, ते काही हसले नाहीत.

बाया गेल्यावर त्यांनी माळ्यावर चढून आमच्या लेकाचा पांगुळगाडा खाली काढला. लाकडाचा, लाल-हिरव्या पट्ट्यांचा. पुढं घुंगरं. इतकी वर्षं धुळीत पडून पण त्याचा रंग बोलत होता. त्यांनी तो माझ्या वॉकरशेजारी ठेवला.

"ह्याला बघून पोरगं धावायचं," ते म्हणाले. "आन् त्याला बघून तू बाजेवर पडायलीस. रंग सांग कंचा देऊ."

"मला काय करायचाय रंग," मी म्हणाले.

"मंग म्या मेंढराच्या खुणेचा लाल देतो."

आणि खरंच दिला. मेंढरांच्या पाठीवर खूण करायचा तो रंग, तो हाताला लागला, साडीला लागला, मीराच्या पिठाला लागला. मीरा चिडली. मग मी घाबरून सांगितलं, "मोरपंखी." मला लग्नात तसली साडी हवी होती, मिळाली नव्हती, हे मी कुणाला बोलले नव्हते. मालक ताडकळसच्या बाजारातून मोरपंखी ऑइलपेंटचा डबा घेऊन आले.

मग मालक आणि मीरा, दोघांना नादच लागला. धरायच्या दांड्या सकाळी गार लागायच्या. मालकांनी त्यावर लोकरीचा पिळलेला दोर गुंडाळला. माझी बोटं पुरती मिटत नाहीत, दोर जाड झाला. उकलला. बारीक गुंडाळला, तर घामानं सरकायला लागला. परत उकलला. शेवटी काळ्या लोकरीची चपटी पट्टी विणून ती दांडीवरच शिवून टाकली, तेव्हा हात बसला. आमची जमीन सारवलेली. वॉकरचे पाय तिच्यात रुतून भोकं पडायची आणि मी अडखळायचे. मालकांनी जुन्या टायरच्या चकत्या कापून पायांखाली बसवल्या. मीरानं खणाच्या तुकड्याची पिशवी शिवून पुढं बांधली. औषध, फोन आणि पाण्याची बाटली तिच्यात. दोन्ही बाजूंना मालकांनी लोकरीचे गोंडे लावले, कळपातल्या पुढच्या एडक्याला बांधतात तसले, पिवळे आणि तांबडे.

मी म्हणाले, "मला एडका करायलाव का?"

"एडका मागं बघत न्हाई, पुढं चालतो," मालक म्हणाले. मग हळूच म्हणाले, "मला आईवाणी तुला कोपऱ्यात बघायचं न्हाई."

एवढंच बोलले, आणि गोंड्याची गाठ परत एकदा आवळली. ती आधीच पक्की होती.

०

शांता, आता हस. मालकांनी शेवटी त्या वॉकरला घंटी बांधली. मी कुठं आहे ते घरात कळावं म्हणून. घंटी कुठली, तर कळपाच्या पुढं चालणाऱ्या शेळीच्या गळ्यातली. तीच हाताशी होती.

मी सकाळी अंगणात उतरले. मेंढरं नुकतीच जाळीतून सोडली होती. घंटीचा आवाज ऐकला आणि सगळा कळप वळून माझ्या मागं आला. चारी बाजूंनी लोकरच लोकर. मी जागच्या जागी उभी राहिले.

मालक ओरडत आले, "हलू नकोस."

"मी कुठं हलायले," मी म्हणाले. "तेच हलायलेत."

गोठ्यामागून आबांचं हसणं ऐकू आलं. जाऊबाई गेल्यापासून ते असे हसले नव्हते. मालकांना म्हणाले, "तिला म्हणावं, म्या जन्मभर मेंढरं राखली, पर येवढं मानणारं लेंढार मला कधी भेटलं न्हाई."

मलाही हसू आवरेना. हसता हसता पदर खांद्यावर आला होता आणि ते माझ्या ध्यानातच आलं नाही.

घंटी त्याच दिवशी शेळीला परत गेली. मीरानं पांगुळगाड्याची घुंगरं काढून वॉकरला बांधली. त्या आवाजाला मेंढरं विचारत नाहीत. पण आबा विचारायला लागले. त्यांची बाज लिंबाखाली परत आली. मी दाराबाहेर पडले की घुंगरं वाजायची, आणि आबा मान वळवून लिंबाच्या शेंड्याकडं बघत बसायचे, मी पलीकडं जाईपर्यंत. आधी ते खाकरायचे आणि मी पदर घ्यायचे. आता मी वाजायचे आणि ते मान वळवायचे. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. त्यानंतर मी तांब्याभर पाणी प्यायला लागले.

०

पाय हळूहळू आला. सरळ सांगते, अजून थोडी लंगडते, थंडीत आतून ठणकतं. रडायचे दिवस पण आले. बरं होणं हे चढाचं काम आहे, एखादा दिवस मागं घसरतोच. पण कोपऱ्यातली बाज लागली नाही.

तपासणीला गेले तेव्हा मॅडमनी वॉकर बघितला आणि बाकीच्या पेशंटला दाखवायला घेऊन गेल्या. मी लाजून ओढणीतल्या पोरीसारखी भिंतीला लागले. एका म्हाताऱ्या गुरुजींनी त्यांच्या काठीला मुठीची पट्टी मागितली, पांढऱ्या लोकरीची, गोंडा नको म्हणाले. गोंडा लावून बघितला तर राहू द्या म्हणाले. मग एकाचं बघून एक मागायला लागलं. मी बसून पट्ट्या विणते, मालक दोर पिळतात. फार मिळत नाही, पण मिळतं.

तुझ्यासाठी काळी पट्टी विणून ठेवली आहे. रंग मात्र तू सांग. दुसऱ्यानं निवडलेला रंग नको, तुझ्या मनातला सांग. चकत्या टायरच्याच लाव, घरात पाणी सांडलं तर वॉकरचं गुळगुळीत रबर घसरतं. आणि शांता, पाणी पीत जा.

०

आबांचे पैसे राहिले होते. ते म्हणायचे, "घरातल्या घरात कसली फेड?" पण त्यांनी कळपाचे चांगले एडके विकले होते, ते मी विसरू शकत नव्हते. बोकड विकले की थोडे, पट्ट्यांचे थोडे, असे मालक त्यांना नेऊन देत होते. शेवटचे राहिले तेव्हा मी मालकांना म्हणाले, "हे मी देते." मालकांनी माझ्याकडं बघितलं आणि मेंढरं घेऊन गेले. मीरा दळण आणायला गेली.

पैसे पिशवीत घातले आणि अंगणात उतरले. घुंगरं वाजली, आबांनी मान वळवली. मी पलीकडं गेले नाही. लिंबाखाली जाऊन उभी राहिले. घुंगरं जवळच थांबली, पुढं जाईनात, म्हणून आबांनी वाट बघितली, मग इकडंतिकडं बघितलं. मालक नाहीत, मीरा नाही. अंगणात एक कोकरू तेवढं पाला खात होतं. आबा त्या कोकराला म्हणाले, "तिला म्हणावं, काय पाहिजे?"

कोकरू काही बोललं नाही. मी पण नाही. माझे दोन्ही हात वॉकरवर होते आणि पदर मागं गेलेला होता.

मग आबा उठले, बाजेवरची वाकळ झटकली आणि जमिनीकडं बघत म्हणाले, "बस, बाई."

मला बुटक्या जागी बसायला डॉक्टरांनी मना केलं आहे, माझ्या बाजेच्या पायांखाली विटा लावल्या आहेत. आबांच्या बाजेकडं बघितलं, तर तिच्या पायांखाली पण विटा होत्या. आबांना स्वतःला विटांची गरज नव्हती.

मी बसले. पिशवीतून पैसे काढून त्यांच्यासमोर धरले.

"मोजून घ्या, आबा," मी म्हणाले. आवाज माझा मलाच अनोळखी वाटला.

त्यांनी न मोजता बंडीच्या खिशात घातले.

"समदे फिटले का?" मी विचारलं.

"फिटले," आबा माझ्याकडं बघून म्हणाले. "समदे फिटले."